बाटलीवरचे नाव

वाघोली,
५ जानेवारी २०२४

श्री. आप्पासाहेब खांबेटे यांना नागोराव इंगोले याचा नमस्कार.

व्याह्याचे पत्र पाहून आपणांस नवल वाटेल. फोन केला असता, पण फोनवर आपणांस ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. या फ्लॅटच्या भिंती अशा आहेत की शेजारच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या ते आम्हाला कळते. म्हणून लिहितो. माझे शिक्षण सातवीपर्यंत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पस्तीस वर्षे पेट्या उचलल्या. आपण शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क होता. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या आठवड्यात मला सर्दी झाली. नाक चोंदले की माझ्या जिवाला घोर लागतो, हे आता छातीत उतरणार असे वाटते. फ्रिजच्या दारात माझ्या इन्सुलिनशेजारी एक लहान बाटली दिसली, वर नाकात धरायची नळी. घरात औषध असताना विकत कशाला आणावे, म्हणून दोन्ही नाकपुड्यांत एकेकदा मारले. सर्दी तशीच. पण तासाभरात तोंड लालबुंद, कान गरम, आणि मळमळ अशी की दुपारचे जेवण सगळे बेसिनमध्ये. दिग्विजय कामावर, सूनबाई कामावर. माझे दिवस भरले असे समजून पडून राहिलो. संध्याकाळी बरे वाटले. औषधाला एकदम नाव ठेवू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मारून पाहिले. पुन्हा तेच.

मग बाटली घेऊन खालच्या मेडिकलमध्ये गेलो. त्या माणसाने वरचे वाचले, मोबाईलमध्ये काही पाहिले आणि आतल्याला हाक मारली. दोघे हसायला लागले.

“बाबा, हे कोणाचं?”

“घरातलंच आहे. सर्दीचं ना?”

“सर्दीचं नाही हो. नवराबायकोचं आहे. ज्यांना मन होत नाही त्यांना डॉक्टर चिठ्ठी देतात, मग हे बनवून मिळतं. तुम्ही किती वेळा मारलं?”

“मी कशाला मारू?” असे म्हणून मी घरी आलो.

आप्पासाहेब, इंग्रजी अक्षरे मला लावता येतात. पेट्यांवर तीच असत. बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर नाव आपल्या मुलीचे आहे. तनया डी. इंगोले.

लग्नाला पाच वर्षे झाली. मूल नाही. विचारले की दिग्विजय ‘बघू’ म्हणतो आणि सूनबाई ताट उचलून आत जाते. आता मला उलगडा झाला. माझा एकच प्रश्न आहे. मुलीच्या ठिकाणी ही खोट आहे हे आपणांस लग्नाआधी ठाऊक होते काय? एकुलता एक मुलगा आहे माझा. लवकर उत्तर द्यावे, मला अन्न गोड लागत नाही.

आपला,
नागोराव


नारायण पेठ,
११ जानेवारी २०२४

श्री. नागोराव इंगोले यांस,

पत्र मिळाले. अक्षर चांगले आहे. मजकुराविषयी तसे म्हणता येत नाही.

दुसऱ्याच्या नावाची बाटली स्वतःच्या नाकात घालण्याची पद्धत आमच्या घरात नाही. आपण दोनदा घातलीत. आपणांस गुण आला की कसे, तेवढे लिहायचे राहिले.

मुलीला मन होते की नाही, याची चौकशी बापाने लग्नाआधी करावी अशी आपली अपेक्षा दिसते. लग्न त्या दोघांनी जमवले. आम्हाला बोलावणे जेवणाचे होते, ते आम्ही केले. नवराबायकोत डॉक्टर आहे, तेवढी गर्दी पुरे.

एक गोष्ट मात्र विनंती समजून वाचा. हा विषय आपल्या फ्लॅटबाहेर जाऊ नये. धाकट्या वल्लरीला अठ्ठावीस तारखेला कोथरूडची मंडळी पाहायला येत आहेत. थोरलीविषयी असले काही कानावर गेले, तर ती चहा घेऊन उठतील.

आप्पा खांबेटे


वाघोली,
२३ जानेवारी २०२४

श्री. आप्पासाहेब यांना नमस्कार.

गोष्ट बाहेर गेली. मी नेली नाही. मी फक्त माझ्या बहिणीला, गोदाबाईला कळवले होते. ती वाशिमला असते. बहिणीला सांगणे म्हणजे बाहेर सांगणे नव्हे. ती संक्रांतीला आमच्याकडे आली, कारण मला एकट्याला हे ओझे झेपत नव्हते.

रविवारी सूनबाईचे हळदीकुंकू होते. सोसायटीतल्या पंधरा-सोळा बायका आल्या. आपल्या भावजय श्यामलाबाईही आल्या होत्या, हे मला मागाहून कळले, आधी कळते तर गोदाबाईला मी आवरले असते. सूनबाई एकेकीला हळदकुंकू लावून स्टीलची डबी वाणाची देत होती. तेवढ्यात गोदाबाईने फ्रिज उघडला आणि ती बाटली वाणाच्या ताटात आणून ठेवली.

“थांबा वो बाया, माझ्याकडूनबी एक वाण घेऊन जा. आमच्या सुनेले नवऱ्याचं मन होत नाही, तं नाकात हे मारते. कोणाले लागत असन तं सांगा. घरचंच हाय.”

एक बाई पदर तोंडाला लावून हसली. दुसरी म्हणाली, “म्हणजे पुढच्या वर्षी बारशालाच बोलवा!” मग सगळ्याच हसल्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण असेही वाटले की गोळीबार व्हायचाच तर एकदाच होऊन जावा.

सूनबाई हातात कुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. काय म्हणाली असेल? “आत्या, बाटली आत ठेवा. ती गार राहायला हवी.” एवढेच. लाज असती तर रडली असती. औषधाची काळजी, माणसांची नाही.

दिग्विजय दूध घेऊन दारात आला होता. त्याने सगळे ऐकले. पिशवी तिथेच खाली ठेवली आणि लिफ्टने परत खाली गेला. मुलाचा चेहरा असा पांढरा मी कधी पाहिला नव्हता. बायकोपायी केवढी नामुष्की आली त्याच्यावर.

आता आपणच सांगा, मी काय करावे.

नागोराव


वाघोली,
२४ जानेवारी

ती. बाबांना सा. न.

श्यामलाकाकू तिथे होत्या, म्हणजे तुम्हाला सगळं कळलंच असेल. तुम्हाला फोनवर ऐकू जात नाही आणि मेसेज तुम्ही वल्लरीकडून वाचून घेता. तिनं हे वाचायला नको, म्हणून लिहिते आहे.

मी आजारी नाही. बाटलीवर नाव माझं आहे, ते खरं आहे. त्यापुढचं मला सांगता येणार नाही. मी तसा शब्द दिला आहे.

मला आठ दिवस घरी यायचं आहे. ऑफिसचं काम तिथून करीन. माझी खोली आता वल्लरीची आहे, मी हॉलमध्ये झोपेन. कुणी मला काही विचारू नये, एवढंच हवं आहे. इथे कालपासून गोदाआत्या माझी कपबशी वेगळी ठेवतात. आजार नाकाचा आहे, लागेल म्हणतात.

येऊ का?

तनया


नारायण पेठ,
२७ जानेवारी

चि. तनया,

येऊ नकोस. उद्या कोथरूडची मंडळी यायची आहेत. हॉलमध्ये त्यांना बसवायचे आहे.

श्यामलावहिनी येऊन गेल्या. बसायला वेळ नाही म्हणत दीड तास बसल्या. त्यांनी जे सांगितले ते मला ऐकू येत नाही असे मी दाखवले. त्यांनी मग ते कागदावर लिहून दाखवले.

शब्द दिला आहे म्हणतेस. पाच वर्षांपूर्वी दिलास तेव्हाही आम्हाला विचारले नव्हतेस. आता पाळ.

या गोष्टी मुलीने आईशी बोलायच्या. ती नाही, हा तिचाही दोष नाही आणि माझाही नाही.

औषध वेळेवर घेत जा.

बाबा


वाघोली,
१८ फेब्रुवारी २०२४

श्री. आप्पासाहेब यांना नमस्कार.

कोथरूडच्या मंडळींचा नकार आला असे कळले. फार वाईट वाटले. एका मुलीपायी दुसरीचे नुकसान. आपल्या जागी मी असतो तर अंथरूण धरले असते.

इकडचे ऐका. दिग्विजय घरात बोलत नाही. शनिवारीसुद्धा कामावर जातो. जेवायला बसला तर ताटाकडे पाहून जेवतो. सूनबाई पूर्वीसारखीच सगळे करते, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. माझे हात कापतात, म्हणून इन्सुलिन तीच टोचते. हल्ली ती सुई घेऊन आली की माझ्या मनात येते, हिच्या डोक्यात काय असेल? म्हणून त्या वेळी मी गोदाबाईला समोर बसवतो. सूनबाईला ते कळते. परवा म्हणाली, “आत्यांना लांबून दिसत नसेल, जवळ बसवा.” असे टोचून बोलणे तिने आपल्याकडून उचलले असावे, राग नसावा.

आम्ही वकिलाला भेटून आलो. दोघांच्या संमतीने अर्ज केला तर कोर्टात भांडण राहत नाही, असे तो म्हणतो. दिग्विजयला विचारले. तो म्हणाला, “तुम्हाला काय करायचं ते करा.” सूनबाईला विचारले. ती म्हणाली, “दिग्विजयनं माझ्यासमोर बसून एकदा म्हणावं, की हे सगळं माझ्यामुळे झालं. मग मी कुठेही सही करते.” आता यात म्हणण्यासारखे काय आहे? पण तो तिच्यासमोर बसायला तयार नाही. मनाचा हळवा आहे. लहानपणी कारखान्याचा भोंगा वाजला तरी आईच्या मागे लपायचा.

आपणांस एक मागणे आहे. कोर्टात कारण लिहावे लागत नाही. पण उद्या मला मुलाचे दुसरे पाहावे लागेल, तेव्हा लोक विचारतील, पहिली का गेली. तेव्हा दाखवायला आपल्या हातचा एक कागद द्यावा, की खोट मुलीत होती. बापाच्या सहीपुढे कोणी शंका घेत नाही. आपण दिला तर मी इथे कोणाशी काही बोलणार नाही. नाही दिला तर मला माझ्या तोंडाने घरोघरी खुलासा करावा लागेल, आणि नारायण पेठेत मला कोण ओळखते, श्यामलाबाईंकडेच जावे लागेल.

मी धमकी देणारा माणूस नाही. मला झोप लागत नाही, म्हणून लिहितो.

नागोराव


नारायण पेठ,
२४ फेब्रुवारी २०२४

श्री. नागोराव इंगोले यांस,

धमकी देत नाही असे आपण लिहिले ते बरे केलेत. एरवी माझा गैरसमज झाला असता.

मागितलेला कागद सोबत आहे. मजकूर असा: ‘माझी कन्या तनया हिच्या ठिकाणी वैवाहिक सुखाविषयी अनिच्छा असून त्याबाबत तिचे पती चि. दिग्विजय यांच्याकडे कोणताही दोष नाही.’ खाली सही आहे. तारीख आहे. शुद्धलेखन मी तपासले आहे.

हा कागद वाशिमला, हिंगोलीला, हवा तिथे दाखवा. पुण्यात दाखवायचा नाही. आणि यापुढे मला पत्र लिहिण्याचे कारण उरू नये.

तनयाला या कागदाची एक प्रत पाठवली आहे. तिने सही करायला आढेवेढे घेऊ नयेत म्हणून.

आ. ना. खांबेटे


वाघोली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. तनया हिला अनेक आशीर्वाद.

माझे पत्र पाहून फाडू नकोस, आधी वाच. तू माझा नंबर बंद केला आहेस. वारजेचा हा पत्ता मी आप्पासाहेबांकडून घेतला. तिथे तू आणखी दोन मुलींबरोबर राहतेस, असे ते म्हणाले. बरे आहे, सोबत असते.

कोर्टाचे सगळे होऊन आता तीन महिने झाले. वाशिमकडची एक मुलगी पाहिली आहे. रुपाली नाव. गरीब घर, बी.ए. अर्धवट. तिच्या वडिलांना आप्पासाहेबांचा कागद दाखवला, त्यांनी डोळ्याला लावून परत दिला. साखरपुडा झाला. अकरा मेचे लग्न आहे.

साखरपुड्याहून आल्यावर दिग्विजय दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो, तिथे आला.

“बाबा, लग्न मोडा.”

“का रे?”

“ते औषध माझं होतं. पहिल्यापासून माझंच.”

“आणि नाव तिचं कसं?”

“ती गेली होती डॉक्टरकडे. माझं सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं तिनं. मला तोंड उघडायला जमत नव्हतं.”

तनया, मी त्याच्यावर हात उचलला होता. पण खाली घेतला. एकच मुलगा आहे. मग मीच रडलो. तो पण रडला. दोन दिवस माझी साखर चारशेच्या खाली आली नाही. तुझ्या हातची सुई आठवली. चूक झाली, हे मी कबूल करतो. पण चूक माझी एकट्याची नाही. तू तेव्हाच बोलली असतीस तर गोदाबाईला मी तिथल्या तिथे गप्प केले असते. गोदाबाईला मी अजून काही सांगितलेले नाही. तिच्या पोटात राहणार नाही.

लग्न मोडता येत नाही. तिकडे पत्रिका छापायला गेल्या आहेत. मोडायचे तर कारण सांगावे लागेल.

तेव्हा तुला एक विनंती. दिग्विजयकडे ते औषध आता थोडेच उरले आहे. डॉक्टर तुला ओळखतात. तू एकदा जाऊन पूर्वीप्रमाणे नवीन चिठ्ठी आणावीस. वर्षभर पुरेल अशी मिळाली तर उत्तमच. रागावू नकोस, नीट विचार कर. तुझे नाव तर आता गेलेच आहे. आणखी एका चिठ्ठीने त्याला नवा डाग लागायचा नाही. माझ्या मुलाचे नाव अजून शिल्लक आहे.

तू मनाची मोठी आहेस. एकदा केलेस, तसे पुन्हा कर. सोबत तिळाचे लाडू पाठवत आहे. गोदाबाईने केले आहेत, पण तुझ्यासाठी म्हणून मी मागून घेतले.

तुझा,
नागोराव


वारजे,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सा. न.

सोबत एक पत्र आहे. आधी ते वाचा. अक्षर तुमच्या ओळखीचं आहे.

आता मला दिलेल्या शब्दाचं बंधन नाही, कारण ज्याला दिला त्यानंच तो मोडला. दिग्विजय त्या दवाखान्याच्या दारातून दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा मी म्हटलं, तू गाडीत बस. आत जाऊन मी त्याचं सगळं माझं म्हणून सांगितलं. इच्छा होत नाही, जवळ आलं की अंग आखडतं, मग स्वतःचा राग येतो. इतक्या वेळा ऐकलं होतं की पाठ झालं होतं. डॉक्टर फार समजुतीनं बोलले. मला तिथे रडू आलं, ते मात्र माझं होतं.

औषधानं चमत्कार झाला नाही. पण एके दिवशी त्यानं आपणहून माझा हात धरला. मी म्हटलं, वाचलो आपण. तेवढ्यासाठी मी हळदीकुंकवाला गप्प राहिले. त्या दिवशी तो लिफ्टनं खाली गेला, त्यानंतर मी गप्प राहिले ते कशासाठी, ते मलाही सांगता येत नाही.

मंगळवारी मी डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगून आले. ते चिडले. म्हणाले, “ज्या माणसाला मी एकदाही पाहिलं नाही त्याला मी औषध देत होतो? त्याला काही झालं असतं तर?” माझी फाईल त्यांनी बंद केली. मी चूकच केली होती.

बाबा, मला कुणाकडून भरपाई नको. वल्लरीचं आता ठरलं आहे. तिनं मला फोनवर सांगितलं की मी लग्नाला यायचं की नाही हे ‘बाबा ठरवतील’. हे पत्र तुम्ही तिच्या सासरी दाखवा, श्यामलाकाकूंना दाखवा. माझ्याकडे एवढा एकच कागद आहे. अस्सल तुमच्याकडे पाठवते, कारण मोबाईलवरचा फोटो तुम्ही खरा मानत नाही. मला वल्लरीच्या मागे करवली म्हणून उभं राहायचं आहे. बाकी काही नको.

तनया


नारायण पेठ,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. तनया,

दोन्ही पत्रे वाचली. नागोरावांचे तीनदा वाचले. मग फाडले.

कारण सांगतो, म्हणजे तुला तर्क करत बसायला नको. गेल्या वर्षी मी एक कागद लिहून दिला. त्यावर माझी सही आहे. तो कागद वाशिमला वाचला गेला आहे. आज तुझे खरे म्हणून गावभर सांगायचे, तर स्वतःच्या मुलीवर न विचारता खोटे लिहून देणारा बाप कोण, हेही त्याच दमात सांगावे लागेल. वल्लरीच्या सासऱ्यांना मी शब्दाचा माणूस म्हणून आवडलो आहे.

दुसरे असे की लोक विसरत आले आहेत. खरे सांगायचे झाले तरी तोच विषय पुन्हा काढावा लागेल. मांडवात नाकातल्या औषधावर चर्चा नको.

मोबाईलमध्ये फोटो ठेवला असशील तर पुसून टाक. हे मी सांगतो आहे, नागोराव नव्हेत.

करवलीचे श्यामलावहिनींच्या सुनेला सांगून झाले आहे. तू दुसऱ्या पंगतीला ये. जेवून जा. स्टेजवर फोटोला उभी राहू नकोस, ती मंडळी विचारतील की ही कोण.

तुझा दोष नव्हता, हे मला कळले. ते या पत्रापुरते राहू दे.

बाबा


वाघोली,
२६ मे २०२५

श्री. आप्पासाहेब यांना नमस्कार.

आपण पत्र लिहू नये असे बजावले होते, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही. माझे पत्र फाडून टाकल्याचा आपला दोन ओळींचा कागद मिळाला, त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो. माणसाने माणसाला असेच सांभाळून घ्यावे. वल्लरीचे लग्न थाटात झाले असे ऐकले. तनया आली होती काय? तिने माझ्या पत्राचे उत्तर दिले नाही. लाडूही परत आले.

आमचे अकरा तारखेला पार पडले. रुपाली गरीब स्वभावाची आहे. उलट बोलत नाही. पण औषध संपले होते, आणि दिग्विजय पुन्हा खोलीतून लवकर बाहेर येऊन हॉलमध्ये बसू लागला. मला पुन्हा काळजी. मुलगी आठ दिवसांत बापाला फोन करील, बाप तो कागद आठवील, आणि मग?

शेवटी मीच मार्ग काढला. खडकीला माझ्या जुन्या ओळखीतून एका नवीन डॉक्टरांचे नाव मिळाले. डॉक्टरांना काय सांगायचे ते मी रुपालीकडून घरी चार दिवस म्हणून घेतले. दिग्विजयने कागदावर लिहून दिले होते, मी वाचायचो आणि ती माझ्यामागून म्हणायची. एकदा मध्येच थांबली.

“पण बाबा, मला तर असं काहीच होत नाही.”

“तुला कुठे काय होतंय, बाळ? डॉक्टरांना एक नाव लागतं. ते बायकोचं दिलं की घरातल्या घरात राहतं.”

“माझ्या बाबांना विचारू का?”

“त्यांना कशाला घोर लावतेस?” मी म्हणालो. “त्यांनी इतक्या विश्वासाने दिलंय तुला.”

मग ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.

काल आम्ही गेलो. दिग्विजय खाली गाडीत बसला. मी तिच्याबरोबर वर गेलो, बाहेरच्या बाकावर बसलो. दार पुरते लागत नव्हते, म्हणून सगळे ऐकू आले. कुठेही अडखळली नाही. डॉक्टरांनी विचारले, “घरात कुणाला सांगितलंत?” ती म्हणाली, “नाही.” ते म्हणाले, “बहुतेक बायका वर्षानुवर्षं बोलत नाहीत. तुम्ही लग्नानंतर लगेच आलात, फार चांगलं केलंत.” मग त्यांनी तिला झोपवून नीट तपासले. छाती पाहिली, डोळे पाहिले. हे औषध प्रत्येकाला चालत नाही, आधी खात्री करून घ्यावी लागते म्हणाले.

आता आपणही माझी काळजी करू नये. तिचे बी.पी. उत्तम निघाले.

आपला,
नागोराव